जलदगती काडतूस उपसमिती आणि एक मेंढा

माणसाचं आयुष्य मर्यादित आहे, हे सर्व धर्मांनी फार पूर्वीच सांगून ठेवलं आहे. रायफलीच्या नळीचं आयुष्यही मर्यादित आहे, हे मात्र आमच्या लिटल सॅडल रायफल मंडळाला स्वतः शोधून काढावं लागलं, आणि त्या शोधात सभासदांचं बरंच आयुष्य खर्ची पडलं. या कामाचं कुठे कौतुक झालेलं दिसत नाही, म्हणून मी लिहिते आहे. मंडळाची बैठक दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी आमच्या चर्चच्या तळघरात भरते. राजम्याची तिखट चिली आणि दालचिनीचे रोल माझ्याकडे असतात, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं.

तत्त्व सोपं आहे. काडतुसात बारूद जितकी जास्त, तितकी गोळी वेगात जाते. गोळी जितकी वेगात जाते, तितकी नळी आतून लवकर जळते. उकळता जॅम अरुंद नरसाळ्यातून ओतत राहिलं की नरसाळ्याचं जे होतं तेच. साधी रायफल चार-पाच हजार बार सोसते, वेगवान रायफल आठशे बारांत थकते. गोळीला नळीतून बाहेर पडायला जेमतेम एक सहस्रांश सेकंद लागतो. म्हणजे वेगवान नळी जन्मभरात प्रत्यक्ष काम करते ते एकंदर एक सेकंदभर. (हा हिशेब आमच्या हार्लन टीलचा. त्याने तो मांडला तेव्हा तळघरात बराच वेळ कोणी चमचा हलवला नाही.) त्या एका सेकंदाचा सदुपयोग कसा व्हावा, यासाठी मंडळाने उन्हाळ्याच्या तोंडापासून पहिल्या बर्फापर्यंत बैठका घेतल्या. स्वतःच्या सत्तर वर्षांचा एवढा विचार कोणी केलेला मी पाहिलेला नाही, आणि मी दर शनिवारी पापनिवेदनाच्या रांगेत उभी राहणारी बाई आहे.

हे सगळं घडलं माझ्या नवऱ्यामुळे, व्हर्लिनमुळे.

आमच्या वायोमिंगात डोंगरी मेंढ्याच्या शिकारीचा परवाना सोडतीत निघतो. माणूस ऐन तारुण्यात अर्ज करायला लागतो आणि गुडघे गेल्यावर त्याचं नाव लागतं. व्हर्लिनच्या वडिलांचं कधी लागलंच नाही. व्हर्लिनचं यंदा मेच्या पहिल्याच दिवशी लागलं. एक मेंढा, ओढ्याच्या अलीकडची एक ठरावीक हद्द, ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवसापर्यंत मुदत. वापरला नाही तर माणूस पुन्हा रांगेच्या शेवटी. पुढच्या खेपेला नाव लागेल तेव्हा व्हर्लिन एक्क्याण्णव वर्षांचा असेल. पत्र हातात घेऊन तो परसात उभा राहिला. रडला नाही, पण कुत्र्याला दोनदा मिठी मारली. आमचा कुत्रा त्याला अजिबात आवडत नाही.

पुढच्या गुरुवारी त्याने ही बातमी मंडळाला दिली. टाळ्या झाल्या. मग डेल्मर ओस्टबीने विचारलं, "कुठली रायफल नेणार?"

"दारामागची," व्हर्लिन म्हणाला.

टाळ्या थांबल्या.

"दारामागची?" डेल्मर म्हणाला. डेल्मर निवृत्त भूमापक आहे. त्याचा विश्वास दोनच गोष्टींवर आहे, एक परमेश्वर आणि दुसरा वेग, आणि परमेश्वराने वेगाच्या बाबतीत आणखी थोडं लक्ष घालायला हवं होतं असं त्याचं मत आहे. "व्हर्लिन, ती तुझी थर्टी-ओ-सिक्स सेकंदाला अठ्ठावीसशे फूट जाते. अठ्ठावीसशे! एवढ्या वेळात मेंढा मरण्याआधी मृत्युपत्र करील."

"गेल्या वर्षी त्याच रायफलीने घोड्याएवढा एल्क मारला," व्हर्लिन म्हणाला. "तू तीन ताटल्या खाल्ल्यास."

"एल्क वेगळा. तो गाफील असतो."

व्हर्लिनने ती रायफल दाखवायला म्हणून गाडीत आणलीच होती, तेवढ्यात हार्लन टील ती घेऊनही आला. हार्लनकडे नळीत घालायची एक बारीक दुर्बीण आहे, डॉक्टर लोक आतड्यात घालतात तशी. ती त्याने नळीत सरकवली, एक डोळा मिटला, आणि हळूच डोक्यावरची टोपी काढली.

"किती दिवसांपासून असं आहे?" त्याने दबक्या आवाजात विचारलं.

"मला काय ठाऊक! मी कधी आत बघितलं नाही."

"बघायला हवं होतं रे," हार्लन म्हणाला, आणि त्याने व्हर्लिनच्या खांद्यावर हात ठेवला.

अशा रीतीने दारामागची रायफल नापास झाली आणि जलदगती काडतूस उपसमितीची स्थापना झाली. सदस्य तीन. डेल्मरकडे वेग. हार्लनकडे नळीचं आयुष्य. आणि रॉस्को पिकेटकडे सामानाची उपलब्धता. काडतूस घरी भरायचं तर पितळी पुंगळी, बारूद, गोळी आणि बुडाशी बसवायची, ठिणगी पाडणारी इवलीशी टोपी, अशा चार वस्तू लागतात, आणि या चारही एकाच वर्षी बाजारात मिळाल्याचं कोणाला आठवत नाही. व्हर्लिनला लाभार्थी म्हणून बैठकीला बसायची परवानगी होती. मत देण्याचा अधिकार नव्हता. (लाभार्थ्याने मत दिलं तर निर्णयात भावना शिरते.)

उपसमितीने पुढील काडतुसांचा विचार केला:

पहिलं, अतिवेगवान. मेंढ्याला आवाज ऐकू येण्याआधी सगळं आटोपतं. नळी एका उन्हाळ्यात संपते. पुंगळ्या समुद्रापलीकडे एकाच कारखान्यात होतात, आणि तिथली माणसं सध्या रजेवर आहेत.

दुसरं, मध्यम. नळी नातवंडांना पुरते. सगळं सामान घोड्याच्या खाद्याच्या दुकानातही मिळतं. कोणालाच नको असतं, म्हणूनच मिळतं. सदस्यांनी याचा उल्लेख आदराने केला आणि पुढे गेले.

तिसरं, वेग चांगला, नळी बरी, पुंगळ्या भरपूर. टोप्या मात्र बाजारात नाहीत. टोप्या रॉस्कोच्या तळघरात आहेत, चाळीस हजार. पण रॉस्को त्या देत नाही, कारण दिल्या तर टंचाई होईल.

चौथं, व्हर्लिनकडे आहे ते. वेळेअभावी चर्चा झाली नाही.

जूनच्या बैठकीत तिघांचं भांडण झालं. हार्लन म्हणाला की डेल्मरने आजवर मारलेल्या नळ्या ओळीने उभ्या केल्या तर चर्चला कुंपण होईल. डेल्मर म्हणाला की हार्लन स्वतःच्या रायफलीला इतका जपतो की तिने अजून गोळी पाहिलेली नाही, आणि बिचारीला वाटत असेल की आपण पडद्याची दांडी आहोत. रॉस्को म्हणाला, "भांडा तुम्ही. बारूद माझ्याकडे आहे." मी रोल पुढे केले. रोल पुढे केल्यावर माणसं तडजोडीला येतात, असा माझा अनुभव आहे. त्या दिवशी जे घडलं त्यात माझाही काही अंशी हात आहे, हे मला मान्य करायला हवं.

तडजोड अशी निघाली की बाजारातलं कुठलंच काडतूस घ्यायचं नाही. नवीनच करायचं. नळीच्या मापावरून आणि डेल्मरच्या आडनावावरून नाव ठरलं 'सव्वीस ओस्टबी'. वेग डेल्मरच्या मनासारखा, नळी हार्लनने निवडलेली, आणि पुंगळ्या अशा जातीच्या की ज्या रॉस्कोकडे पोतंभर होत्या आणि दुसऱ्या कशालाच बसत नव्हत्या. एकाच निर्णयाने तिघेही समाधानी झालेले मी आयुष्यात प्रथमच पाहिले. जुन्या रायफलीचा लाकडी दस्ता तेवढा ठेवला. बाकी सगळं बदललं, वरची दुर्बीणसुद्धा. नवी दुर्बीण इतकी बलवान होती की आमच्या ओट्यावरून शेजारच्या रँचवरच्या गाईची जांभई दिसे.

एकच बारीकशी अडचण होती. नवीन काडतुसाची पुंगळी कुठे विकत मिळत नाही. जुनी पुंगळी त्या नळीत घालून बार काढायचा, म्हणजे आतल्या दाबाने ती फुगून हव्या त्या आकाराची होते. दोनशे पुंगळ्या, दोनशे बार. मग किती बारूद घातली की गोळ्या एकाच भोकात जातात, हे शोधायचं. त्यासाठी आणखी बार. तीन बार झाले की नळी गार होईपर्यंत थांबायचं, मग ती पुसायची. मी पहाटे उठून जपमाळ ओढते, हार्लन नळीतून फडकं ओढतो. फरक एवढाच की माझी माळ रोज संपते. त्याचं फडकं पांढरं निघत नाही.

सबंध जुलै व्हर्लिन नेमबाजीच्या मैदानावरच्या बाकावर बसून होता. दर वर्षी या दिवसांत तो डोंगर चढून पाय तयार करतो. यंदा त्याने फक्त खांदा तयार केला. सप्टेंबरातल्या एल्कच्या शिकारीवरही त्याने पाणी सोडलं, कारण उपसमितीने ती जुलैतच अनावश्यक नळीझीज ठरवली. मी शुक्रवारी मांस खात नाही, माझा नेम आहे. या परवान्यामुळे बाकीचे वारही तसेच गेले.

"आर्डिस," तो एकदा सूप ढवळत मला म्हणाला, "मी नुसता डोंगरावर गेलो असतो तर?"

"तर काय झालं असतं?"

"ठाऊक नाही. पण मी डोंगरावर असतो."

ऑगस्टच्या अखेरीस ती घटना घडली. डेल्मरने पाच गोळ्या झाडल्या आणि पाचही अशा बसल्या की एका नाण्याखाली झाकल्या जाव्यात. सेकंदाला पस्तीसशे फूट! माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. मी केक करून नेला, त्यावर मेंढा काढला होता. केक कापता कापता हार्लनने सवयीने नळीत दुर्बीण घातली, आणि याही वेळी टोपी काढली.

नळी संपली होती. सर्वोत्तम काडतूस सापडलं त्याच दिवशी, कदाचित त्याच पाचव्या गोळीने. उपसमितीने याची गंभीर दखल घेऊन असं मत नोंदवलं की नळीने कर्तव्य बजावलं. केक संपवण्यात आला.

दुसरी नळी यायला सप्टेंबर गेला. पहिल्या नळीला मानवणारी बारूद दुसरीला मानवली नाही. त्या बारुदीचा रॉस्कोकडचा डबाही संपला, आणि नव्या डब्यातली तीच बारूद तीच नव्हती असं डेल्मरचं म्हणणं पडलं. मुदत सुरू होऊन बरेच दिवस झाले होते. डोंगरावर बर्फ दिसायला लागलं. मेंढ्याला यातलं काही कळवण्यात आलं नव्हतं. मी माझ्या नेमात एक प्रार्थना वाढवली: व्हर्लिन डोंगरावर पोहोचो आणि धडधाकट परत येवो. आणि प्रार्थनेत पक्षपात नको म्हणून मेंढ्यासाठीही तेवढीच मागितली.

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा लागला तेव्हा उपसमितीने रायफल व्हर्लिनच्या स्वाधीन केली. सोबत पाच काडतुसं आणि तीन अटी. तीनशे यार्डांच्या आत बार काढू नये, कारण इतक्या वेगात पातळ कवचाची गोळी जनावराच्या खांद्यावरच फुटेल आणि ते जखमी होऊन जाईल. सातशेच्या पलीकडे काढू नये, कारण वारा असतो. आणि पुंगळ्या परत आणाव्यात. व्हर्लिन शब्दाचा माणूस आहे. जखमी जनावर सोडून येण्यापेक्षा तो स्वतःचा पाय मोडून घेईल. त्याने तिन्ही अटींना होकार दिला.

शेवटच्या दिवशी दुपारी आम्ही वरच्या पठारावर होतो: व्हर्लिन, अंतर मोजायचं यंत्र घेऊन डेल्मर, आणि स्वयंपाकाला मी. घोड्यांवरून येऊन तंबू ठोकल्याला दोन दिवस झाले होते, काही दिसलं नव्हतं. व्हर्लिनचे गुडघे दारासारखे कुरकुरत होते. तो एका खडकाला टेकून बसला, आणि खडकाच्या पलीकडून मेंढा बाहेर आला.

असा मेंढा मी चित्रातही पाहिलेला नाही. शिंगं पूर्ण गोल फिरून पुन्हा वर निघालेली. तो उभा राहिला आणि आमच्याकडे बघायला लागला, नवीन पाद्रीबाबा आले की गावातली माणसं बघतात तसा.

"किती?" व्हर्लिनने ओठ न हलवता विचारलं.

"चाळीस," डेल्मर कुजबुजला.

"चाळीस काय?"

"यार्ड. नुसते चाळीस. यंत्राची गरजच नाही, मला पापण्या दिसतायत."

व्हर्लिनने रायफल खांद्याला लावली. मग ती खाली घेऊन दुर्बिणीची काच पुसली आणि पुन्हा लावली.

"काय झालं?"

"केस," व्हर्लिन म्हणाला. "दुर्बिणीत नुसते केस दिसतायत. मेंढ्याचे आहेत की तुझ्या दाढीचे, कळत नाही."

"मारू नकोस! गोळी फुटेल. मागे सरक, तीनशेपर्यंत मागे सरक."

"मागे?"

"हळू. तोंड त्याच्याकडेच ठेव. वाईट दिसतं नाहीतर."

मग दोघं उलटे चालायला लागले. मीही पातेलं घेऊन उलटी निघाले. मेंढ्याने मान तिरकी केली. डोंगरी मेंढा मुळात चौकस प्राणी आहे, आणि त्याच्याकडे तोंड करून मागे जाणारी माणसं त्याने पूर्वी पाहिली नसावीत. तो आमच्या मागोमाग आला.

"आता किती?"

"चाळीस."

"डेल्मर, आपण तंबूपाशी आलो."

"मी काय करू? अडतीस! अरे, जवळ येतोय तो! याला काही शिस्त?"

"हाकलून बघू?"

"हाकलला तर पळेल."

"मग?"

"मागे हो, मागे हो."

आम्ही तंबू ओलांडला. घोडे ओलांडले, त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही. देवदाराची झाडं संपली, उतार लागला, उतारावरून उलटं जाताना व्हर्लिन दोनदा बसला आणि दोनदा उठला. मेंढा वाटेत थांबून आमचं उठणं पूर्ण होऊ देत होता. मी माळ काढली. ऊन कलायला लागलं होतं. अजून एक तास, मग मुदत संपणार. दगडगोट्यांतून कसेबसे पलीकडे चढलो, मेंढाही चढला, आणि त्या काठावर त्याला हिरवं गवत सापडलं. तो आम्हाला विसरला. मान खाली घालून चरायला लागला.

"आता!" डेल्मर म्हणाला. "चल, चल, चल. शंभर. दीडशे. बघ, थांबलाय. दोनशे वीस. व्हर्लिन, दम धर. तीनशे! तीनशे चार! झोप आता."

व्हर्लिन पालथा झोपला. मेंढा आडवा उभा, सगळा दिसत होता. वारा पडलेला. दुर्बिणीत संपूर्ण मेंढा, शिंगांच्या टोकापासून खुरांपर्यंत. उपसमितीने जे जे मागितलं होतं ते सगळं एका जागी आलं होतं. व्हर्लिनचं बोट चापावर गेलं. मी डोळे मिटले आणि दोघांचंही नाव घेतलं.

आवाज झाला नाही.

"डेल्मर," व्हर्लिन म्हणाला, "ओढा कुठे आहे?"

"कुठला ओढा?"

"आपल्या हद्दीचा."

डेल्मरने यंत्र डोळ्याला लावलं.

"मेंढ्याच्या मागे," तो म्हणाला.

तो सुका ओढा आम्ही तिघांनी आणि मेंढ्याने मिळून, उलट्या पावलांनी, विधिवत ओलांडला होता. परवाना ओढ्याच्या त्या बाजूचा. मेंढा या बाजूला. व्हर्लिनने चापावरचं बोट काढलं, काडतूस बाहेर काढलं, आणि गवतात उताणा झाला. मला वाटलं आता रडेल. तो हसत होता. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"चाळीस यार्ड, आर्डिस!" तो म्हणाला. "माझ्या बापाला आयुष्यभर एवढ्या जवळून कुठल्या मेंढ्याने बघितलं नाही!"

मेंढ्याने हसण्याचा आवाज ऐकून मान वर केली, आम्हाला एकदा नीट पाहून घेतलं, आणि सूर्य मावळून मुदत संपल्यावर तो ओढा ओलांडून आपल्या हद्दीत परत गेला. माझ्या दोन्ही प्रार्थना फळल्या. पुढच्या वेळी शब्द जरा जपून निवडीन.

उपसमितीने आपला अहवाल नोव्हेंबरमध्ये सादर केला. मोहीम सर्वार्थाने यशस्वी ठरली आहे. वेगाबद्दल कोणतीही तक्रार आली नाही. दुसरी नळी उत्तम स्थितीत आहे. सामानाचा अपव्यय शून्य, पाचही काडतुसं परत जमा. लाभार्थ्याने एक्क्याण्णवाव्या वर्षी पुन्हा संपर्क साधावा, तोपर्यंत तिसऱ्या नळीचं काम मार्गी लागलेलं असेल. अहवाल एकमताने मंजूर झाला. व्हर्लिनने हात वर केला होता, पण तो रोल मागत होता.

एक सूचना द्यायची राहिली. उपसमितीचं काम वाढल्यामुळे काही जागा भरायच्या आहेत. गेली दोन पानं वाचताना ज्यांच्या मनात 'त्यापेक्षा जवळच्या अंतरासाठी एक हलकं काडतूस वेगळं भरून न्यायला हवं होतं', 'दुर्बीण बदलायला हवी होती', किंवा 'उलटं चालायचंच होतं तर डोंगराच्या बाजूला चालायचं' असं काही सुरू झालं, त्यांनी अर्ज करण्याची गरज नाही. त्यांची निवड झालेली आहे. पहिल्या गुरुवारी, सात वाजता, चर्चच्या तळघरात. नवीन सभासदांसाठी मी रोल जास्त करते आहे.